शिक्का उठला, मोर्तब राहिले

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर हे गाव एके काळी लाल कापडासाठी ओळखले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळलेले अनेक व्यापारी व महाजन तेथून निघाले. झाशीचे मराठी सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले, ते मऊला येऊन राहिले, आणि शेतीवर जगणारे एक खेडे पेठेचे गाव बनले. आल या झाडाच्या मुळ्यांपासून काढलेल्या रंगात रंगवलेले जाडेभरडे सुती कापड हा या पेठेचा मुख्य माल होता. बुंदेलखंडात त्याला खारुआ म्हणत. मराठीत तोच खारवा. व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांना पुठ्ठा बांधायचा तो अशाच लाल कापडाचा. तेव्हा मऊच्या कापडाचा आणि हिशेबाच्या वहीचा संबंध जुना आहे.

वही व्यापाऱ्याची असो की सरकारी दप्तराची, एक शिस्त दोहोंकडे सारखी पाळली जाई. दिवस संपला की जमा आणि खर्च यांची बेरीज घालायची, शिल्लक काढायची आणि त्या दिवसाचा हिशेब तेथे संपवायचा. मराठी दप्तरातील रोजकीर्द ती हीच. पत्रांच्या बाबतीत ही शिस्त अधिकच काटेकोर होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का उठे आणि मजकूर संपला की त्याच्या शेवटाशी मोर्तब उठे. मोर्तबाची मुद्रा लहान असे. शिवकालीन मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आढळतात, तर पुढील काळातील काही मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ एवढेच लिहिलेले असे. लेखनाची सीमा येथे संपली, असा त्या मुद्रेचा अर्थ. या लहानशा मुद्रेकडून दोन कामे होत. मजकुराखाली मागाहून कोणाला काही घुसडता येत नसे. आणि पत्र हाती घेणाऱ्याला आपल्यापर्यंत सगळे पोचले, मधेच काही तुटले नाही, याची खात्री पटे. शिक्कामोर्तब हा शब्द आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे. परंतु त्यातील दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ संगणकाच्या युगात विसरला जात आहे, आणि त्याची किंमत पुष्कळांना मोजावी लागत आहे.

नोंदवही कशासाठी

संगणकावर चालणारी बहुतेक प्रत्येक मोठी आज्ञावली आपली एक दैनंदिनी ठेवते. तिला लॉग फाइल म्हणतात. अमुक वाजता काम सुरू झाले, अमुक मागणी आली, अमुक ठिकाणी चूक आढळली, अशा ओळी तीत एकाखाली एक पडत जातात. हा शब्द जहाजावरून आला. दोरी बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकून खलाशी जहाजाचा वेग मोजत आणि तो एका वहीत टिपून ठेवत. ओंडक्याचे इंग्रजी नाव त्या वहीला चिकटले, आणि वहीचे नाव पुढे संगणकाच्या फाइलीला मिळाले.

अशा नोंदीचे मोल काय असते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क दोन’ या गणनयंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर लावला, शेजारी वेळ लिहिली आणि काय आढळले तेही लिहिले. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. इतक्या वर्षांनंतरही त्या बिघाडाचे कारण निश्चितपणे सांगता येते, ते नोंद पुरी झाली होती म्हणून.

उलट स्थितीची कल्पना करावी. यंत्र बंद पडले, वही उघडली, आणि शेवटची ओळ अर्ध्या शब्दावर थांबलेली दिसली, तर त्या वहीचा उपयोग काय? सुरळीत चाललेल्या दिवसाची नोंद सहसा कोणी वाचत नाही. वाचली जाते ती बिघडलेल्या क्षणाची. नीट न मिटलेल्या लॉग फाइलीत नेमका तोच क्षण हरवलेला असतो.

कच्चे आणि पक्के

असे का घडते, हे समजण्यास दुकानातील कारकुनाचा दाखला पुरेसा आहे. गिऱ्हाइकांची गर्दी असताना कारकून प्रत्येक व्यवहार लगेच पक्क्या वहीत चढवीत नाही. तो हाताशी असलेल्या कागदावर कच्चे टिपण करतो, आणि कागद भरला की मजकूर पक्क्या वहीत उतरवतो. संगणक हेच करतो. डिस्कवर लिहिणे हे स्मृतीत लिहिण्याच्या मानाने फार संथ काम असल्यामुळे, आज्ञावलीने लिहिलेली ओळ प्रथम स्मृतीतील एका राखीव जागेत साठते. या जागेला बफर म्हणतात. ती भरली म्हणजे, किंवा फाइल बंद करण्याची आज्ञा मिळाली म्हणजे, सगळा मजकूर एकदम पुढे जातो.

बफरची क्षमता बहुधा ४०९६ किंवा ८१९२ बाइट असते. नोंदीची एक ओळ सरासरी ८० अक्षरांची आणि अक्षरे रोमन लिपीतील धरली, तर पहिल्या बफरात सुमारे ५१ आणि दुसऱ्यात सुमारे १०२ ओळी मावतात. आता फाइल मिटण्यापूर्वीच आज्ञावली कोसळली, कोणी ती बळाने थांबवली, किंवा वीज गेली, तर या शेवटच्या पन्नास-शंभर ओळी कच्च्या कागदासह नाहीशा होतात. शोध घेणारा फाइल उघडतो, सगळे काही ठीक चालले असल्याच्या जुन्या ओळी वाचतो, आणि ‘चूक येथे नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून दुसरीकडे वळतो. अपुरी नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट म्हणावी लागते. नोंद नसेल तर माणूस निदान सावध तरी राहतो.

विद्यार्थ्यांना गोंधळात पाडणारी आणखी एक गोष्ट येथेच उलगडते. सी भाषेतील तीच आज्ञावली पडद्यावर लिहू लागली तर प्रत्येक ओळ तत्काळ दिसते, आणि फाइलीत लिहू लागली तर फाइल कितीतरी वेळ रिकामी राहते. पडद्यासाठी बफर सामान्यतः ओळीओळीने रिता होतो, फाइलीसाठी तो भरल्यावरच रिता होतो, एवढेच त्याचे कारण.

अकराव्या दिवसाचे कोडे

हरवलेल्या ओळी हा झाला एक परिणाम. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे, कारण तो उशिरा आणि भलत्याच जागी प्रकट होतो.

आज्ञावली फाइल उघडते तेव्हा संगणकाची कार्यप्रणाली तिला एक क्रमांक देते. युनिक्स व लिनक्स या कुळातील प्रणालींत ही पद्धत पहिल्यापासून आहे. देवळाबाहेर जोडे ठेवणाऱ्याने बिल्ला द्यावा तसा हा क्रमांक असतो. फाइल बंद केली की बिल्ला परत जातो व दुसऱ्याला मिळतो. परंतु बिल्ले अमर्याद नसतात. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर एका आज्ञावलीला एका वेळी १०२४ क्रमांक वापरता येतात. ही मर्यादा वाढवता येते, पण मुळात असते ती एवढी. त्यांपैकी तीन सुरुवातीलाच खर्ची पडतात: एक येणाऱ्या मजकुरासाठी, एक जाणाऱ्या मजकुरासाठी आणि एक चुकांच्या सूचनांसाठी. उरले १०२१.

आता समजा, मऊरानीपुरच्या पेठेत कापडाचे एक दुकान आहे. तेथे बिले करणारी आज्ञावली रात्रंदिवस चालू असते, आणि प्रत्येक बिलागणिक ती एक नवी लॉग फाइल उघडते. लिहिणाऱ्याने उघडण्याची आज्ञा दिली, पण मिटण्याची द्यायची राहिली. बसवण्याच्या दिवशी तपासणी म्हणून वीस बिले काढली. सारे उत्तम चालले. दुकानात रोज १०० बिले होतात असे धरले, तर दहा दिवसांत १००० क्रमांक अडकतात, आणि अकराव्या दिवशी बाविसाव्या बिलाला आज्ञावली अडखळते. फाइलच कशाला, जाळ्यावरील जोडणीलाही असाच क्रमांक लागतो. तोही मिळत नाही. दुकानदाराला दिसते ते इतकेच की बँकेशी जोडणी होत नाही, किंवा मालाची यादी उघडत नाही. तो तंत्रज्ञाला बोलावतो. तंत्रज्ञ तारा बदलतो. शेवटी कोणीतरी संगणक बंद करून पुन्हा चालू करतो आणि सगळे सुरळीत होते. आणखी दहा दिवसांनी तेच.

‘बंद करून चालू करा’ हा उपाय आज घरोघरी माहीत झाला आहे. गुण येतो, ही गोष्ट खरी. आज्ञावली संपली की कार्यप्रणाली तिचे सारे क्रमांक काढून घेते, म्हणून गुण येतो. परंतु कारण न कळता आलेला गुण आणि अंगाऱ्याने उतरलेला ताप यांत शास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही. शिवाय या उपायाने पुरावाही नष्ट होतो. किती फाइली उघड्या होत्या आणि कोणत्या, हे पुन्हा पाहता येत नाही.

अडकून पडलेल्या साधनांनी मोठमोठी कामे थांबवली आहेत. ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरलेले ‘स्पिरिट’ हे यान २१ जानेवारीला अकस्मात अबोल झाले. प्रवासात व उतरल्यावर साठत गेलेल्या फाइलींची संख्या इतकी झाली होती की, त्यांची व्यवस्था ठेवण्यास लागणारी स्मृती अपुरी पडली, आणि यानाचा संगणक पुनःपुन्हा आपोआप सुरू होत राहिला. पृथ्वीवरील अभियंत्यांनी फाइलींचे भांडार वगळून संगणक चालू करण्याची आज्ञा धाडली, अनावश्यक फाइली पुसल्या, आणि यान पुन्हा कामाला लागले. तेथील दोष फाइली न मिटण्याचा नव्हता, त्या साठू देण्याचा होता. पण घेतलेले साधन वेळेवर परत न करणे, हे दोन्हींचे मूळ एकच. स्पिरिटला ‘बंद करून चालू’ करण्याचा उपाय मुळीच लागू पडला नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते तर स्वतःच एकसारखे बंद होऊन चालू होत होते.

शोध कसा घ्यावा

हा दोष ओळखण्याची चार लक्षणे आहेत. लॉग फाइल रिकामी असते, किंवा तिची शेवटची ओळ अर्धवट तुटलेली असते. फार फाइली उघड्या असल्याची सूचना येते. विंडोजवर फाइल पुसू किंवा तिचे नाव बदलू गेल्यास, ती दुसऱ्या कोणाच्या वापरात आहे, असे उत्तर मिळते. चौथे लक्षण लिनक्सवरील, आणि ते सर्वांत नवलाचे: मोठ्या लॉग फाइली पुसून टाकल्या तरी डिस्क भरलेलीच राहते. या प्रणालीत पुसले जाते ते फाइलीचे नाव. जोवर एखादी आज्ञावली ती फाइल उघडी धरून बसली आहे, तोवर तिची जागा मोकळी होत नाही. नाव नाही पण जागा अडलेली, अशी स्थिती उत्पन्न होते.

लक्षण दिसताच संगणक बंद न करता मोजणी करावी. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या निर्देशिकेत प्रत्येक चालू आज्ञावलीचे एक दालन असते, आणि त्यातील ‘एफडी’ या कप्प्यात तिने घेतलेल्या सर्व क्रमांकांची यादी असते. ‘एलएसओएफ’ हे साधनही हीच यादी देते. सकाळी, दुपारी, सायंकाळी संख्या टिपावी. काम वाढल्यावर संख्या वाढली आणि काम ओसरल्यावर उतरली, तर चिंता नाही. काम ओसरूनही संख्या चढतच राहिली, तर कोठेतरी मिटणे राहून गेले आहे. यादीत कोणत्या फाइलीचे नाव वारंवार येते ते पाहावे, आणि आज्ञावलीत ती फाइल जेथे उघडली आहे तेथे जावे.

तेथे मिटण्याची आज्ञा मुळीच नसेल, तर चूक उघड आहे. पुष्कळदा ती असते, पण तिच्यापर्यंत पोचणारी वाट मधेच तुटलेली असते. उघडणे आणि मिटणे यांच्या दरम्यान एखादी चूक उद्भवली, की आज्ञावली तेथूनच बाहेर उडी मारते आणि मिटण्याची ओळ मागे राहते. म्हणजे सारे ठीक असते तेव्हा फाइल मिटते, आणि काही बिघडते तेव्हा मिटत नाही. नोंदवहीच्या प्रयोजनाच्या हे अगदी उलट आहे. आधुनिक भाषांनी यावर तोड काढली आहे. पायथन भाषेत २००६ पासून ‘विथ’ ही रचना आहे. तिच्या आत उघडलेली फाइल, आज्ञावली कोणत्याही वाटेने बाहेर पडो, मिटली जातेच. जावा भाषेत २०११ पासून तशीच सोय आहे. गो भाषेत फाइल उघडताच पुढच्या ओळीत तिच्या मिटण्याची तजवीज लिहून ठेवता येते. मूळ तत्त्व एकच: उघडतानाच मिटण्याचे ठरवून टाकावे.

आक्षेप आणि उत्तर

याविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आज्ञावली संपली की कार्यप्रणाली सर्व फाइली आपोआप बंद करते, मग लिहिणाऱ्याने एवढी काळजी का करावी? आक्षेप निराधार नाही. क्षणभर चालून संपणाऱ्या आज्ञावलीचे बहुधा काही बिघडत नाही. परंतु बँका, रुग्णालये, रेल्वे, ग्रंथालये यांचे काम करणाऱ्या आज्ञावली क्षणात संपत नाहीत. त्या महिनोन् महिने चालतात. शिवाय कार्यप्रणाली क्रमांक परत घेते, पण आज्ञावलीच्या स्वतःच्या बफरात काय राहिले होते, हे तिला ठाऊक नसते. बळाने थांबवलेल्या आज्ञावलीचा कच्चा कागद तिच्याबरोबरच जातो. बिल्ला परत आला म्हणून जोडेही घरी पोचले असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याला पुरते उत्तर नाही. फाइल मिटली तरी मजकूर डिस्कवर पोचलाच असे नसते, कारण कार्यप्रणालीही आपल्यापाशी काही मजकूर राखून ठेवते. तो डिस्कवर पोचवण्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती दर ओळीला दिली तर काम फार मंदावते. त्या आज्ञेतही खोच असू शकते. डिस्कवर लिहिताना झालेली चूक काही परिस्थितीत एकदा कळवली जाते आणि नंतर विसरली जाते, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस या विख्यात माहितीभांडाराच्या निर्मात्यांना उमगले. दोन दशके गृहीत धरलेली गोष्ट त्यांना सुधारावी लागली.

म्हणून ज्यांचे काम अतिशय जोखमीचे आहे, त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. वही कधीकधी मिटली जाणारच नाही, असे धरूनच ते चालतात. भारतात जन्मलेले व मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले संगणकशास्त्रज्ञ सी. मोहन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये ‘एरीज’ ही पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात कोणताही बदल करण्याआधी त्याची नोंद होते, आणि व्यवहार पुरा झाला की त्याची खूण नोंदीत उठते. यंत्र मधेच पडले, तर पुन्हा सुरू होताना नोंद वाचली जाते. ज्या व्यवहारावर पूर्ततेची खूण आहे तो टिकवला जातो, ज्यावर नाही तो मागे घेतला जातो. ही खूण म्हणजे मोर्तबच होय. मोर्तब नसलेले पत्र पुरे समजायचे नाही, हा दप्तराचा जुना नियम येथे यंत्राला शिकवला गेला आहे.

मिटण्याचे शिक्षण

आता प्रश्न उरतो तो शिक्षणाचा. शाळेत फाइल उघडणे, लिहिणे आणि मिटणे या पायऱ्या सांगितल्या जातात. परंतु मधेच चूक झाली तर तिसरी पायरी कोण गाठणार, हा प्रश्न विचारला जात नाही. कारण वर्गातील आज्ञावली एका मिनिटात संपते आणि फळ्यावरील उदाहरण नेहमी यशस्वी होते. शिक्षकांनी एक तास उलट्या प्रयोगासाठी द्यावा. विद्यार्थ्यांना फाइली उघडायला लावाव्यात, मिटू देऊ नयेत, आणि कितव्या फाइलीला यंत्र नकार देते ते मोजायला सांगावे. लिहिता लिहिता आज्ञावली मधेच थांबवावी, आणि कोणत्या ओळी हरवल्या याची यादी करवावी. अर्थात हा प्रयोग कामाच्या यंत्रावर न करता शिकवण्याच्या यंत्रावर करावा. त्याला खर्च काही नाही, आणि जो धडा मिळेल तो परीक्षेनंतरही टिकेल.

हा धडा केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांचा नाही. एखाद्या वाचकाने ग्रंथालयात पुस्तक परत केले आणि त्याची नोंद पुरी होण्यापूर्वी यंत्र पडले, तर तो वाचक दप्तरी थकबाकीदार ठरतो. त्याच्या शब्दाविरुद्ध यंत्राचा शब्द उभा राहतो, आणि बहुतेक वेळा यंत्राचाच मानला जातो. वस्तुतः यंत्र खोटे बोललेले नसते; त्याचे वाक्य अर्धे राहिलेले असते. न्याय करणाऱ्याने नोंदीत काय लिहिले आहे इतकेच पाहू नये; नोंद पुरी झाली आहे की नाही, हेही पाहावे. कारकून मोर्तब पाहून मगच पत्र वाचायला घेई, तसे.

फाइल उघडणारा हात आणि मिटणारा हात एकच असावा, ही जबाबदारी कार्यप्रणालीवर किंवा दैवावर ढकलू नये. मऊच्या पेठेतील लाल पुठ्ठ्याच्या वहीला हे शिकवावे लागत नव्हते, कारण दिवसाची शिल्लक काढल्यावाचून व्यापारी दुकानाला कुलूप लावीत नसे. आज वही पडद्यामागे गेली आहे आणि तिचा पुठ्ठा कोणाला दिसत नाही. म्हणूनच ती उघडणाऱ्याने, दुसऱ्या कोणी आठवण करून देण्याची वाट न पाहता, आपली वही आपणच मिटली पाहिजे.